वायूला दिलेला रंग

रविवार, २८ जुलै २०२४. गेलेले जीव दोन, वाचलेला एक.

गेलेले दोघे सख्खे भाऊ होते. विठू थोरला, जीवन धाकटा. पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वाचली ती जीवनची मुलगी रिया. ती नववीत होती. मासेमारीच्या बंदीचे दोन महिने सरत आले होते आणि खाडीत आत आणून बांधलेल्या होडीची साफसफाई चालली होती. होडीच्या पोटात बर्फ आणि मासळी ठेवायचा खोल खण असतो. बंदीभर फळ्यांनी मिटून राहिलेल्या त्या खणात वितळलेल्या बर्फाचे आणि राहून गेलेल्या मासळीचे पाणी कुजले होते. जीवन आत उतरला आणि पाण्यात पाय पडताच कोसळला. त्याला काढायला विठू उतरला तो त्याच्याच अंगावर पडला. रिया तिसरी उतरणार होती. शेजारच्या होडीवरच्या धनेशने तिला दंडाला धरून मागे ओढले. पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली आणि ती नोंद, जेवढे विचारले गेले होते तेवढ्यापुरती, खरी होती.

ही हकिकत मात्र त्या नोंदीत नाव नसलेल्या एका बाईची आहे.

दिपिका आनंदा घरत हिचा जन्म खारघरच्या कडेला राहिलेल्या ओवे गावातला. घरची भाताची खाचरे ती जन्मण्याआधीच नव्या शहरासाठी गेली होती. शेत तिने पाहिले ते वडिलांच्या बोलण्यातून, आणि विज्ञान पाहिले ते पुस्तकातल्या आकृत्यांतून. तिच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. दहावीत किपच्या उपकरणाची आकृती ती इतकी सुबक काढी की बाई तिची वही वर्गभर फिरवत. ते उपकरण काचेचे असते, त्यातून खरोखर एक वायू येतो आणि त्याला नासलेल्या अंड्यांचा दर्प असतो, हे तिला पनवेलच्या कॉलेजात गेल्यावर कळले. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा साडीला, केसांना तो वास होता. आई सखूबाईने नाकाला पदर लावला. "कुठं लोळून आलीस गो?"

"आज मी तो वायू बघितला, आये."

"बघितलास? मला तं नुसता वास येतंय."

आई चेष्टेने बोलली होती. पण आपण 'बघितला' म्हणालो, 'हुंगला' म्हणालो नाही, हे दिपिकाच्या लक्षात राहिले. ज्याने वर्षानुवर्षे आकृत्याच पाहिल्या त्याला प्रत्येक गोष्ट आधी डोळ्यांना हवी असते. पुढे ती शिक्षिका झाली ती हीच भूक घेऊन. आपल्या मुलांनी विज्ञान पाठ करू नये, पाहावे, एवढे एकच तिचे म्हणणे होते, आणि त्या म्हणण्यात खोट काढावी असे काही नव्हते.

पनवेलमधल्या ज्या मराठी शाळेत ती लागली तिथे प्रयोगशाळा होती, म्हणजे कुलूप होते. कधीकाळी एका मुलाच्या हातावर आम्ल सांडले होते. तेव्हापासून बाटल्या कपाटात आणि कपाट भिंतीकडे तोंड करून. मग एका कंपनीच्या देणगीतून टॅब आले, मोठा पडदा आला, आणि त्याच खोलीवर 'डिजिटल कक्ष' अशी पाटी लागली. टॅबमधले तयार धडे इंग्रजीत होते. त्यांतली मुले पांढऱ्या कोटात हिंडत, त्यांच्या मागे हिरवळ असे. दिपिकाने ते महिनाभर चालवले आणि बाजूला ठेवले. सुट्टीत बसून ती स्वतः चित्रे हलवायला, त्यांना बोलते करायला शिकली आणि मराठीत आपले धडे रचू लागली. तिच्या धड्यांत मिठागरे होती, खाडीची भरती होती, उलवे नदीवरचा पूल होता. आवाज तिचाच होता. उत्तर बरोबर आले की टॅबमधून दिपिकाबाई म्हणत, "शाब्बास!"

वायूंच्या धड्यात तिने एक विहीर काढली. काही वायू हवेपेक्षा जड असतात, ते खोलगट जागी तळाशी साचतात, दिसत नाहीत आणि माणूस मारतात, हे तिला शिकवायचे होते. अशा विहिरींत, टाक्यांत उतरून माणसे मेल्याच्या बातम्या ती वाचत आली होती. या धड्यामागे केवळ अभ्यासक्रम नव्हता, काळजी होती. ते इथे सांगितले पाहिजे, कारण पुढे तिने स्वतः ते कधी सांगितले नाही.

पहिल्या खेपेस, नववी अ मध्ये, तिने वायू जसा असतो तसाच ठेवला. वर्गाने टॅब उघडले आणि गोंधळ झाला.

"बाई, माझा टॅब अडकला," अंकिता नावाची मुलगी म्हणाली.

"अडकला नाही. नीट बघ, विहिरीच्या तळाशी वायू आहे."

"कुठं हाय? रिकामीच तं हाय विहीर!"

"वायू दिसत नसतो, अंकिता."

"मग बघू काय?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, आमच्या आजीच्या सुकटीच्या डब्यात पण हाच वायू हाय, तो मात्र दोन घरं सोडून कळतंय." वर्ग खो-खो हसला, दिपिकाही हसली. दारात मुख्याध्यापक चारुदत्त सर उभे होते. ते पदाचा रुबाब न करणारे गृहस्थ होते. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, कल्पना उत्तम आहे. पण देणगीदार पुढच्या आठवड्यात येणार. त्यांना रिकामी विहीर दाखवायची का?"

तिने वायूंना रंग दिले. क्लोरीन हिरवट ठेवला, तो तसा असतोच. कार्बन डायऑक्साइडला निळसर छटा दिली, आणि ज्याच्या वासाने एकदा तिचे केस भरले होते त्या हायड्रोजन सल्फाइडला पिवळा रंग. आता तळाशी बसलेला वायू दिसू लागला. वर्ग गप्प होऊन पाहू लागला. शेवटी चार चित्रांचा एक खेळ होता: विहीर, टाकी, तळघर, खड्डा. प्रत्येकाखाली प्रश्न, आत उतरणे सुरक्षित आहे का? तळाशी रंग असला तर नाही. रंग नसला तर हो.

धड्याच्या सुरुवातीला तिने एक पान घातले होते: हे रंग केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्यक्षात यांतले बहुतेक वायू दिसत नाहीत. जुने टॅब नेमके त्या पानावर अडत आणि तासाची दहा-दहा मिनिटे खात. मुले ते न वाचता बोटाने पुढे ढकलीत. तिने ते पान काढले. ते वाक्य आपण तोंडी सांगू, असे ठरवले. नववी अ मध्ये तिने ते सांगितले, दोनदा सांगितले. नववी ब च्या तासाला वीज गेली. टॅब शाळेच्या वाय-फायवर चालत, तेही गेले. "घरी जाऊन करा, पालकांच्या मोबाइलवर पाठवते," असे म्हणून तिने मुलांना सोडले. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मग पुढचा धडा आला. ते एक वाक्य नववी ब मध्ये बोलले गेले नाही.

रिया नववी ब मध्ये होती.

ती फार बोलणारी मुलगी नव्हती. पण विज्ञानाच्या तासाला तिची मान सतत पुढे असे, पायाच्या बोटांवर उभी राहून पाहिल्यासारखी. तिने तो धडा वडिलांच्या मोबाइलवर केला आणि संपल्यावर पुन्हा केला. पालकसभेला जीवन आला तो स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दिपिकाच्या टेबलासमोर बसायलाच तयार नव्हता.

"बसा ना."

"नको बाई, उबाच बरा हाय. एक सांगाचा व्हता. तुमचा आवाज आमच्या घरान रोज शाब्बास, शाब्बास करतंय. म्हातारीला वाटला पोरीनं पोपट पाललाय."

दिपिकाला हसू आवरेना. "तुम्हीपण खेळून बघितलं की नाही?"

"खेललो ना! चारातल्या दोन खड्ड्यांत मेलो. पोरगी बोलतंय, बाबा, पिवला दिसतंय तरी उतरतस?" त्याने मागे वळून रियाकडे पाहिले. तो अभिमान लपवण्याचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हते. "माजं शिक्षान तिसरीचं, बाई. पण आता घरान सायन्सवाली हाय. मना काय चिंता?"

त्या संध्याकाळी दिपिका घरी जाताना स्टँडजवळच्या गर्दीतून चालत गेली आणि तिला रिक्षा करावीशी वाटली नाही. वीस वर्षांच्या नोकरीत असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात.

सोमवारी, २९ जुलैला, ती शाळेत आली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. रियाला मागे ओढणारा धनेश हा शाळेचाच शिपाई. त्याला रजा घ्यायला सांगितले होते, पण घरी बसवेना म्हणून तो आला होता. शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकून तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. तिला ओढताना खरचटलेल्या त्याच्या हाताला बांधलेल्या पट्टीतून औषधाचा पिवळेपणा उतरला होता.

"आठवडाभर पाऊस. फल्या उघडाला मिलल्या नाय. काल ऊन पडला, तवा जीवन बोलला, आजच धुवून घेऊ, उद्या रंग मारू. विठूदादा बोलला, घाई करू नको, फल्या काढून ठेव, दोन भरत्या जाऊ दे, मंग उतर. आमच्यात तसाच करतात. जीवन बोलला, दादा, तू जुना मानूस. आपल्या घरान सायन्सवाली हाय, ती सांगल. रियाला हाक मारली. पोरगी धावत आली. खनान मोबाइलची बत्ती मारली, वाकून बघितला, चारी कोपरे बघितले. खाली मान घालून नीट बघितला हो तिनं. मंग बोलली, रंग नाय बाबा. उतर."

खोलीत कोणीतरी विचारले, "रंग नाही म्हणजे?"

"कसला रंग ते तिचं तिला ठाव. पोलिसांपुढं पण तेच बोलत व्हती, रंग नव्हता, रंग नव्हता. हवालदार बोलला, पोरगी भ्यालीय, घरी न्या."

त्या वाक्याचा अर्थ साऱ्या पनवेलमध्ये एकाच माणसाला कळला. दिपिका उठली, डिजिटल कक्षात गेली, तिने आतून दार लावले आणि धडा उघडला. चौथा खड्डा. तळाशी स्वच्छ पाणी, रंग नाही. आत उतरणे सुरक्षित आहे का? तिने 'हो' वर बोट ठेवले.

"शाब्बास!" तिचाच आवाज म्हणाला.

चारुदत्त सरांनी तिचे सगळे ऐकून घेतले. मग उठून दार लावले.

"बाई, त्या खणात कुजकं पाणी तुम्ही भरलं होतं?"

"नाही. पण 'उतर' हा शब्द माझा होता."

"तुम्ही जीव वाचवायला तो धडा केलात."

"सर, दोन माणसं गेली."

ते परत खुर्चीत बसले. बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात शाळेच्या नावाची काळजी नव्हती, निदान तेवढीच नव्हती. "तुम्ही हे बाहेर बोललात तर उद्या टॅब कपाटात जातील. फक्त आपल्या शाळेचे नाही. या पोरांना दुसरी कुठली प्रयोगशाळा मिळणार आहे? पुन्हा फळ्यावर खडूने विहीर काढणार का तुम्ही?"

"फळ्यावरच्या विहिरीला कोणी खरी समजत नाही, सर."

"धडा काढून टाका," ते शेवटी म्हणाले. "आणि थोडे दिवस जाऊ द्या."

तिने धडा काढला. दिवस मात्र जाऊ दिले नाहीत. ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावना कळतात. पण मोबाइलमधल्या खेळावर मी गुन्हा कोणत्या कलमाखाली लावू?" संस्थेच्या बैठकीत ती बोलली, तेव्हा एका सभासदाने तिच्या संवेदनशीलतेचे कौतुक केले. दोन्ही वर्गांत तिने उभे राहून सांगितले की धड्यात चूक होती आणि ती चूक बाईंची होती. मुलांनी ऐकले. मुलांना ते आवडले नाही, त्यांनी माना खाली घातल्या. शिक्षकाने चूक कबूल करताना विद्यार्थ्याने काय करायचे असते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. रियाचा बाक त्या दिवशीही रिकामा होता.

आपल्याकडे जबाबदारी ही पाण्यासारखी उताराने वाहते. जिथे पद आहे, पगार आहे, भाषा आहे, तिथे ती थांबत नाही. पोलीस, संस्था, मुख्याध्यापक यांपैकी कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाने आपापल्या परीने सहानुभूतीने वागून ती थोडी खाली ढकलली. आणि उतार जिथे संपत होता तिथे चौदा वर्षांची एक मुलगी बसली होती. हे दिपिकाला समजले, आणि म्हणूनच तिला घाई होती. तिला स्वतःला क्षमा नको होती. रियाच्या मनात जे बसले असेल ते तिथे मुरण्याआधी काढायचे होते. दुसरे काहीही करण्याजोगे उरले नव्हते.

बारावे झाल्यावर ती कोळीवाड्यात गेली. ओटीवर सोनाबाई बसली होती, दोन्ही मुलगे एका दिवशी गमावलेली आई. जीवनची बायको मालू आत होती. 'बाई आल्या' म्हणताच सतरंजी आली, पाणी आले. सोनाबाईने हात धरून तिला बसवले. त्या हाताचा स्पर्श कोरडा आणि खरबरीत होता, आणि त्यात राग मुळीच नव्हता. दिपिकाला रागाची अपेक्षा होती, तिने त्याची तयारी केली होती. या हाताची तयारी तिने केली नव्हती.

तिने सांगितले. सोप्या शब्दांत, एकेक पायरी करून, की तो रंग तिने दिला होता, तो खोटा होता, आणि हे तिने रियाच्या वर्गाला सांगायला हवे होते ते सांगितले नाही.

सोनाबाईने मान हलवली. "नाय बाय. असा बोलू नको."

"खरं आहे ते, आजी."

"तू गुरू. गुरूचा गुना आमी कसा धरू? शालेसाठी माज्या जीवननं किती खस्ता खाल्ल्या. त्यो बोलाचा, आये, शालेन सांगतील तो खरा." मग आतल्या दाराकडे न पाहता, दोष देण्यासाठी नव्हे, फक्त पाहुणीचे मन राखण्यासाठी ती म्हणाली, "पोरगीच इसरली असल. तिचा ध्यान नसल."

रिया दारात उभी होती. तिने केस घट्ट बांधले होते आणि ती बारीक दिसत होती.

"रिया," दिपिका म्हणाली, "ऐक. रंग खरा नसतो, हे मी तुला सांगितलंच नव्हतं."

"सांगितलं व्हतं, बाई."

"नाही सांगितलं. तुमच्या तासाला वीज गेली होती. आठव."

"वीज जायच्या आदी सांगितलं. मी ऐकलं व्हतं." तिचा आवाज शांत होता, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावे तसा. "मीच इसरले. त्या टायमाला आठवलंच नाय मला."

दिपिकाने रियाच्याच वर्गातल्या तिघींची नावे घेतली. त्यांना विचार, म्हणाली. रिया ऐकत राहिली. ती खोटे बोलत नव्हती. ज्या क्षणी तिने ते ऐकले असे तिला वाटत होते तो क्षण तिच्यापाशी पक्का होता. बाई कुठे उभ्या होत्या, हातात काय होते, हेसुद्धा तिने सांगितले. इतक्या दिवसांत तिने तो घडवला होता आणि आता तो हलणार नव्हता.

मालूने चहा आणून ठेवला. तो निवला तरी कोणी उचलला नाही. शेवटी सोनाबाई म्हणाली, "पी गो बाय, बशीन मुंगी पडल." आणि दिपिकाला तो प्यावा लागला.

ती पुन्हा गेली. दर खेपेस तोच आदर, तीच सतरंजी. एकदा ती काचेचे भांडे, खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन गेली. भांड्यात दोन्ही मिसळले, फेस बसू दिला, आणि पेटती मेणबत्ती आत सोडली. ज्योत मध्यावर येताच कोणी चिमटीत धरल्यासारखी विझली. भांड्यात काहीही दिसत नव्हते. "बघ," ती म्हणाली, "कोणालाच दिसला नसता." रियाने भांड्याकडे पाहिले, विझलेल्या वातीकडे पाहिले. तिचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा, बोटांवर उभे राहून पाहणारा झाला. आणि मग तिच्या ध्यानात आले की मेणबत्ती तर होडीवरही होती, ती खणात सोडून बघता आली असती. त्या दिवसापासून ती दिपिका आली की घरात थांबेनाशी झाली.

दिवाळीनंतर रियाने शाळा सोडली. चारुदत्त सर स्वतः दोनदा समजवायला गेले. मालू म्हणाली, "ती बोलतंय, माजं शिकून झाला." बंदी संपल्यावर होडी विकली गेली. मालू, विठूची बायको आणि सोनाबाई विकत घेतलेली मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसू लागल्या, त्यांच्याबरोबर रियाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत दिपिका तिथे गेली. बाजार ऐन भरात होता. रिया पाटावर बोंबील रचत होती. तिची बोटे भराभर चालत होती.

"या बाई. बोंबील ताजा हाय. पापलेट नका घेऊ, बर्फातला हाय."

शेजारची कोळीण ओरडली, "गिऱ्हाइकाला अशी परत लावतंस? धंदा करशील का तू!"

"आमच्या बाई हायेत त्या," रिया म्हणाली. शेजारणीने लगेच पदर सावरला.

दिपिका पाटासमोर उकिडवी बसली. या वेळी तिने वीज, तास, वर्ग यांतले काही काढले नाही. "रिया, मी तुझ्याकडे एकच मागते. चूक माझी होती एवढं एकदा म्हण. तुझ्यासाठी म्हण."

रियाचा हात थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत राग आला, आणि दिपिकाला, लाज वाटावी असा, थोडा धीर वाटला.

"तुमी का सारख्या तेच बोलता बाई? बाबाचा इश्वास माज्यावर व्हता. माजा तुमच्यावर. मी चुकले तं चुकले, मी ल्हान हाय, मी इसरले. पण तुमीच खोटं शिकवलं असल, तं मंग बाबा कशावर इश्वास ठेवून उतरला? काय उरला मंग त्याचा?" तिने बोंबलांवर पाणी मारले. "नका बोलू तसा. बाबाला शाला खरी वाटाची. ती राहू दे खरी."

आजूबाजूला भाव चालले होते. कोणीतरी सुरमईसाठी हुज्जत घालत होते. आपण जे ओझे उचलायला आलो तेच या मुलीने घराच्या आढ्याखाली टेकू म्हणून लावले आहे, हे तिने त्या ओल्या फरशीवर बसून पाहिले. ते काढले तर छप्पर खाली येईल, नाही काढले तर हिची मान जन्मभर वाकलेली राहील. यांतले कोणते करणे न्याय्य, हे तिला कळले नाही. ज्याला ते सहज कळेल अशा माणसावर तिचा विश्वास बसला नसता.

रियाने बोंबील पिशवीत भरले आणि पैसे घ्यायला नकार दिला.

दिपिका अजून त्याच शाळेत शिकवते. तिच्या नव्या धड्यांत तिचा आवाज नाही. बंद विहीर, बंद टाकी, बंद खण यांच्यापुढे तिचे विद्यार्थी आता न पाहताच 'नाही' म्हणतात, आणि ते का, हे वर्गात समोरासमोर सांगितल्याशिवाय धडा उघडत नाही. यामुळे पुढे कोणाचा जीव वाचेल, कदाचित वाचलाही असेल. त्याची वजावट जुन्या हिशेबात होत नाही, हे तिने कोणी न सांगता ओळखले आहे.

जीवन आणि विठू यांच्या मृत्यूचा दोष आजही रियाकडे आहे. तो दिपिकाने घ्यायचा होता. तो तिच्याकडे आलेला नाही.